मोठ्या बाईंच्या हातातला मोबाइल

गावच्या शाळेत मोबाइल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं... खुर्चीत बसून फोन बघणारे गुरुजी! चेष्टेचा विषय आहे, आणि काही ठिकाणी ती चेष्टा खरीही असते. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावाला लागून असलेल्या जिल्हा परिषद शाळेत २०१८ साली नव्या मोठ्या बाई बदलून आल्या आणि पहिल्याच पालकसभेत फोन काढून ‘‘सगळ्यांचे नंबर द्या’’ म्हणाल्या, तेव्हा मागे उभ्या असलेल्या पुरुषमंडळींत जरा खसखस पिकली. मी त्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीत नव्यानंच आले होते. बचतगटाच्या कामामुळे घरोघरची ओळख, म्हणून मला समितीत ओढलं होतं.

नंबर गोळा झाले. बाईंनी यादी माझ्यापुढे सरकवली. ‘‘ताई, यात काय कमी आहे बघा बरं!’’ मी बघितलं. सगळे वडील, चुलते, नाहीतर मोठा भाऊ. आयांचे नंबर मोजून अकरा! म्हणजे शाळा जे काही पाठवणार ते टपरीवर, ट्रकच्या केबिनमध्ये नाहीतर चाकणच्या कंपनीत वाचलं जाणार, आणि पोराला अभ्यासाला बसवणार ती स्वयंपाकघरातली आई. तिच्यापर्यंत काहीच पोचणार नाही.

मैत्रिणींनो, शाळेतलं तंत्रज्ञान म्हटलं की आपण टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब मोजायला लागतो. मला विचाराल तर आमच्या शाळेची गोष्ट त्या अकरा नंबरांपासून सुरू होते.

बाईंनी आयांचा वेगळा ग्रुप काढला. ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांच्यासाठी प्रत्येक गल्लीत एक ‘फोनवाली ताई’ ठरवली. नियम कडक. सकाळच्या फुलांचे फोटो नाहीत, देवाचे निरोप पुढे ढकलणं नाही. शाळेचा निरोप रात्री साडेआठनंतरच, आणि तोही बोलून पाठवलेला; कारण भरभर वाचायची सवय सुटलेल्या आया आपल्यात खूप आहेत. मग दर शनिवारी एक काम. मुलानं पुस्तकातला एक उतारा मोठ्यानं वाचायचा, आईनं तो मिनिटभर रेकॉर्ड करायचा आणि बाईंना पाठवायचा. बस्स, एवढंच!

पहिल्या शनिवारी पाच-सहाच आले. एकीच्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या, दुसरीच्यात म्हैस. पण बाई रविवारी भाजी निवडता निवडता सगळे ऐकायच्या आणि वहीत टिपून ठेवायच्या: अमका जोडाक्षराशी अडतो, तमकी मात्रा खाते, हा पाठ करून म्हणतोय, वाचत नाहीये. सोमवारी त्याप्रमाणे वर्गात गट पाडायचे. दिवाळीपर्यंत बहुतेक घरांतून रेकॉर्डिंग यायला लागलं. एक आई मला म्हणाली, ‘‘ताई, पोरगं वाचतंय असंच वाटायचं मला. पुस्तक पुढ्यात धरून बसायचं ना! ऐकायला बसले तेव्हा कळलं, तिसरीत आहे आणि ‘प्रकाश’ म्हणता येत नाही.’’ दुसरी स्वतः चौथीत शाळा सुटलेली. ती मुलाच्या आधी उतारा वाचून बघते, अडलं तर शेजारच्या वहिनींना विचारते. हे कुठल्या सरकारी अहवालात येत नाही.

हे वारं महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत दहा-बारा वर्षांपूर्वी सुटलं. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात पष्टेपाडा म्हणून छोटा आदिवासी पाडा आहे. तिथल्या संदीप गुंड या तरुण शिक्षकानं शाळा डिजिटल केली आणि ती बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. २०१५ साली राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, तेव्हा तर शिक्षकांनी एकमेकांच्या शाळा बघायच्या, आपलं जमलेलं दुसऱ्याला दाखवायचं याला जोरच चढला. कोणी गणिताची युक्ती सापडली की तिचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायचं, दोन जिल्हे पलीकडची शिक्षिका ती दुसऱ्या दिवशी वर्गात वापरायची. पूर्वी चांगला शिक्षक एका गावाला मिळायचा, आता त्याचं थोडं थोडं सगळ्यांना मिळू लागलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं नाव तर आता सगळ्यांना माहीत आहे. माढा तालुक्यातल्या या गावात रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची पडकी इमारत जनावरांचा गोठा आणि सामानाची खोली यांच्या मध्ये दाटीवाटीनं उभी होती. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड लावले. तोच तो काळा-पांढरा चौकोन, जो आता भाजीवालीच्या गाड्यावरही पैसे घ्यायला लटकलेला असतो! फोन त्यावर धरला की त्या धड्याची कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो, प्रश्न सोडवता येतात. पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० ला लंडनहून जागतिक शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचं नाव पुकारलं गेलं. दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या वर रक्कम! त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या पुरस्काराच्या मानपत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते क्यूआर कोडबद्दलचं नाही. गावात आता मुलींची लहान वयात लग्नं होत नाहीत आणि मुलींची हजेरी पूर्ण असते, हे त्यात लिहिलं होतं. गुरुजींनी पोरींच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलणं सोडलं असतं आणि नुसते चौकोन चिकटवले असते, तर हे झालं असतं का?

आता दुसरी बाजूही सांगते, कारण आपल्या भागात तीच जास्त दिसते. लोकवर्गणी निघाली, मोठा टीव्ही आला, फित कापली, पेढे वाटले, फोटो पेपरात आला. वर्षभरानं जाऊन बघावं तर टीव्हीवर उशीचा अभ्रा घातलेला! ‘‘धूळ बसते ना ताई...’’ एका शाळेत तर टीव्ही, संगणक, सगळं जागेवर आणि वीजच तोडलेली. बिल कोणी भरायचं ते ठरलं नव्हतं. शाळांच्या वीजबिलाचं हे दुखणं राज्यभरचं आहे. वस्तू आणायला वर्गणी निघते, महिन्याचं बिल भरायला निघत नाही. हार घालून बिलाचा फोटो कोण काढणार!

मग २०२० चा मार्च आला आणि शाळांना टाळं लागलं. त्या दिवसांत जो तो ‘ऑनलाइन, ऑनलाइन’ करत होता. आमच्या गल्लीत मात्र सकाळी फोन बापाबरोबर कामावर जायचा आणि रात्री आठला घरी यायचा. तिघा भावंडांत एक फोन. त्यात थोरला मुलगा दहावीला, म्हणून पहिला हक्क त्याचा. मधली मुलगी सातवीत, तिची पाळी येईपर्यंत डेटा संपलेला! जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, त्याचा आमच्याकडे खरा आधार झाला, कारण टीव्हीला डेटा लागत नाही. इतर ठिकाणी लोकांनी आपापली डोकी लढवली. पालघर जिल्ह्यात दांडवळ गावी ‘बोलकी शाळा’ भरली. लाउडस्पीकरवर धडे लावायचे आणि मुलांनी अंतर ठेवून बसून ऐकायचं. सोलापुरात नीलमनगरमध्ये शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंती धड्यांनी रंगवून टाकल्या. येता-जाता मूल पाढे वाचतंय, शेजारीण भाजी निवडत ऐकतेय. लाउडस्पीकर आणि रंगाचा डबा! तेव्हा वाटलं, साधन नवं की जुनं हा प्रश्नच नव्हे. ते मुलापर्यंत पोचतं का ते बघायचं.

आमच्या बाईंनी त्या काळात आयांच्या ग्रुपचाच आधार घेतला. शनिवारचा उतारा रोजचा झाला. शिवाय पाच पाच मुलांचे गल्लीगट, आणि दर गटाला बारावी झालेली एखादी मुलगी. शाळा पुन्हा उघडली तेव्हा आमची मुलं मागे पडली नव्हती असं मी म्हणणार नाही, पडलीच होती. पण कोण किती मागे आहे, हे बाईंच्या वहीत लिहिलेलं होतं.

आता घरोघरी फोन आहे. ‘असर’ या संस्थेच्या ग्रामीण भारताच्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो असं दिसलं. त्यातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. यात आश्चर्य ते काय! पण पुढचा आकडा मला टोचला. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. म्हणजे मुलाला हातात देतो आणि मुलीला मागून घ्यावा लागतो. मुलीला फोन नको, ‘उगाच काही भानगड नको’, हे मी स्वतः किती ओट्यांवर ऐकलं आहे! आणि भीती अगदीच खोटी असते असंही नाही. ती कशी खरी ठरते हे आमच्याच शाळेत बघितलं.

२०२३ च्या स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलींनी लावणी बसवली होती. सुरेख नाचल्या. बाईंनी शाळेचं फेसबुक पान काढलेलं होतं, त्यावर फोटो टाकले. सगळ्यांनी कौतुक केलं, मुंबई-पुण्याला गेलेल्या गाववाल्यांनी अंगठे दाखवले. तिसऱ्या दिवशी गावातल्याच दोन-तीन टारगट पोरांनी त्यातल्या एका मुलीचा फोटो कापून, त्यावर घाणेरडं काहीतरी लिहून फिरवला. तिचे वडील बाहेरगावी कामाला. घरात चुलत्यांचा शब्द. सोमवारपासून मुलगी शाळेत यायची बंद! ‘‘झाली तेवढी शोभा पुरे,’’ असा निरोप आला. बचतगटात कुजबुज सुरू झाली की मामाकडे पाठवणार आहेत, तिथं एक स्थळही बघून ठेवलंय. मुलगी तेरा वर्षांची.

बाई आणि मी त्यांच्या घरी गेलो. चुलते बोलेनात. आजी उंबऱ्यात बसलेल्या. बाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आजी, फोटो मी टाकला. तुम्हाला न विचारता टाकला. रागवायचं तर मला रागवा, तिला शाळेतून काढू नका.’’ आजींनी एवढंच विचारलं, ‘‘पुसता येतंय का ते?’’ आता काय उत्तर देणार! पानावरचा पुसता येतो, लोकांच्या फोनमधला येत नाही. बाईंनी खोटं सांगितलं नाही. पण त्या पोरांच्या आया आमच्याच गटातल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर पोरांना उभं केलं, ग्रामपंचायतीत पोलीसपाटील बसलेले, आणि प्रत्येकाच्या फोनमधून ते काढायला लावलं. कोणाला पाठवलं त्यांची नावं घेऊन तिथंही निरोप गेले. त्यातल्या एकाच्या आईनं सगळ्यांदेखत मुलाचा फोन काढून घेतला आणि स्वतः त्या घरी जाऊन आजींच्या पाया पडून आली. तेराव्या दिवशी मुलगी शाळेत आली. मागच्या दारानं नव्हे, प्रार्थनेच्या रांगेत. आता ती दहावीच्या वर्गात आहे, तालुक्याच्या हायस्कूलला, सायकलवर जाते.

पुष्कळांना वाटलं, आता बाई ते पान बंद करतील. समितीत तसा ठरावच मांडला गेला. बाई म्हणाल्या, पान बंद करायला माझी हरकत नाही, पण मग स्वच्छतागृहाला पाणी कुठून आणायचं ते सांगा. खरं होतं ते. बोअरची मोटर, मुलींच्या स्वच्छतागृहाची टाकी, वाचनालयाची दोन कपाटं, हे सगळं पान बघून गावाबाहेरच्या माजी विद्यार्थ्यांनी दिलं होतं. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसकडे वळलेली काही मुलं परत आली होती, तीही ‘आपल्या शाळेत असं असतं होय’ हे दिसल्यामुळे. तेव्हा पान राहिलं, रीत बदलली. मुलींचे काय, मुलांचेही जवळून चेहरे नाहीत. नाव-इयत्ता लिहायची नाही. फोटो कामाचा टाकायचा: वहीतलं चित्र, मातीचा किल्ला, बी पेरणारे हात. आणि वर्षाच्या सुरुवातीला आईची सही. नुसती वडिलांची चालत नाही, हे बाईंनी आवर्जून घातलं. २०२३ सालीच आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितलेली आहे. तुमच्या मुलांच्या शाळेनं असा कागद कधी तुमच्यापुढे ठेवलाय का? नसेल तर विचारा. क्लासवाले, नाचाच्या क्लासवाल्या, उन्हाळी शिबिरवाले यांनाही विचारा.

‘असर’नं आणखी एक गोष्ट विचारली होती. सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांपैकी आपलं पान खासगी कसं करायचं, हे माहीत असलेली मुलं ५५ टक्के निघाली. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना दाराला कडी कशी लावायची तेच माहीत नाही, आणि दार मात्र रस्त्यावर! बाईंनी सातवी-आठवीला त्याचे दोन तास घेतले. मग आयांनी हट्ट धरला, आम्हालाही शिकवा. हळदीकुंकवाच्या दिवशी पाटावर वाण आणि हातात फोन घेऊन आम्ही चाळीसजणी बसलो होतो. नको असलेला माणूस ब्लॉक कसा करायचा हे कळल्यावर एक वहिनी म्हणाल्या, ‘‘हे घरातल्या माणसांनापण जमतं का?’’ हसून पुरेवाट!

शिक्षकांच्या बाजूनंही एक सांगायला हवं. ‘लिंक भरा, फोटो टाका, आजच माहिती पाठवा’ या वरून येणाऱ्या निरोपांनी ते खरंच कावून गेले आहेत. खिचडीचा फोटो, झाडाचा फोटो, शपथ घेतानाचा फोटो. मूल शिकलं याचा फोटो कसा काढायचा? इथं मुख्याध्यापकाची खरी कसोटी लागते. आमच्या बाई असली सगळी कामं शाळा सुटल्यावर पाऊण तासात करतात, वर्गात कोणी शिक्षक फोन उघडत नाही, स्वतः बाईही नाही. त्यावरून एकदा वरच्या साहेबांची बोलणीही खाल्ली आहेत त्यांनी.

युनेस्कोनं २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला होता. त्यात स्पष्ट लिहिलंय की या साधनांमुळे शिकणं सुधारतंच याचे भक्कम पुरावे थोडेच आहेत. चारातल्या एकाहून कमी देशांत शाळेत स्मार्टफोनला बंदी होती, तेही त्यातच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये स्वतःपुरता उपाय काढला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायचा आणि दीड तास घरोघर टीव्ही-मोबाइल बंद. बायकांच्या ग्रामसभेत हे ठरलं, आशाताई आणि अंगणवाडीताई घरोघर फिरल्या. आमच्याकडे हा विषय काढला तर पहिला विरोध सासूबाईंच्या पिढीकडून आला, मालिकेची वेळ तीच ना! शेवटी साडेसहा ते साडेसात ठरलं. दोन आळ्यांत चालतं, तिसरीत नाही.

आता मुलं निबंध फोनला सांगून लिहून घेतात. ‘माझी आजी’ या विषयावर आठवीच्या सहा मुलांच्या आज्या एकसारख्या निघाल्या, सगळ्या प्रेमळ आणि पांढऱ्या केसांच्या! बाईंनी वह्या परत दिल्या आणि सांगितलं, आजीला विचारून या की तिच्या लग्नात जेवायला काय होतं. ते काही फोनला माहीत नव्हतं. वर्गात बसून जे निबंध लिहिले गेले, ते बाईंनी मला वाचायला दिले. एकीच्या आजीच्या लग्नात दुष्काळ होता आणि वऱ्हाडाला सरकारी कामावरच्या सुकडीचे लाडू केले होते.

तुमच्या गावच्या शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असणारच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या फक्त सहीला असतात, रजिस्टर घरी येतं आणि चहाबरोबर सही होते. बैठकीला जाऊन बसा. शाळेतला टीव्ही आठवड्यात किती तास चालतो, निरोपांच्या ग्रुपमध्ये आयांचे नंबर किती, पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ शाळेत उतरवून मुलांना दाखवतात का, एवढं विचारा. हे व्हिडिओ ‘दीक्षा’ अ‍ॅपवर फुकट असतात आणि एकदा उतरवले की बघायला डेटा लागत नाही, म्हणजे घरी फोन नसलेल्या मुलीचंही अडत नाही.

आमच्या समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. अकराचे आता एकशे सव्वीस नंबर झालेत. बाईंची बदली यंदा होणार असं बोललं जातंय, तेव्हा ग्रुप, पान, संमतीचे कागद आणि ती उताऱ्यांची वही कोणाच्या हाती द्यायची, हा पहिला विषय. दुसरा, वीजबिल.